गुंतवळ, केसांचे टोप आणि सूत: गिरणीवाला होण्याआधीचा आर्कराइट

रिंगफ्रेम_वडगाव

परवा सकाळी आमच्या गल्लीत केसवाला आलता. ‘केसावर भांडीय्ये’ ओरडत सायकलवरनं फिरतो तो, तुमच्याकडे पण येत असेल. आईनं न्हाणीच्या भिंतीच्या फटीतली, पिशवीतली, कुठकुठली वर्षभराची गुंतवळ गोळा करून आणली, त्यानं तराजूत टाकली, नाक मुरडलं, आईनं त्याच्याहून जास्त मुरडलं, आणि शेवटी एक स्टीलची वाटी अन् वर चमचा ह्यावर सौदा ठरला. मी कट्ट्यावर चहा घेऊन बसलोतो आणि मला एकदम आर्कराइट आठवला.

आर्कराइट म्हणजे तोच, शाळेत औद्योगिक क्रांतीच्या धड्यात एका ओळीत येऊन जातो तो. ‘वॉटर फ्रेम, रिचर्ड आर्कराइट, 1769’, जोड्या लावा, दोन मार्क. वॉटर फ्रेम म्हणजे पाण्यावर चालणारं सूत कातायचं यंत्र. भाचीचा अभ्यास घेता घेता मी ह्या माणसाच्या मागे लागलो ते महिना झाला सुटेना. कारण पस्तिशीपर्यंत ह्याचं सुताशी काही देणंघेणंच नव्हतं. हा केसवाला होता की ओ!

गाव प्रेस्टन, इंग्लंडातलं लँकेशायर. जन्म 1732 चा डिसेंबर. बाप शिंपी, घरात पोरांचं लेंढार, जगलीवाचली त्यात हा शेंडेफळ. शाळेत घालायची ऐपत नाही, म्हणून नात्यातल्या एलन नावाच्या बहिणीनं घरातच लिहावाचायला शिकवलं, झालं शिक्षण. मग जवळच्या कर्कम गावी न्हाव्याच्या हाताखाली उमेदवारी. 1750 च्या आसपास बोल्टनला आला आणि केसांचे टोप करणाऱ्याकडे कामाला लागला. त्या काळी तिकडे जरा बऱ्या घरचा माणूस टोप घातल्याशिवाय बाहेर पडत नसे, त्यामुळे धंदा बरा. नुसती दाढी-कटिंग नाही, दात उपटायचे, नस कापून रक्त काढायचं, हे पण न्हाव्याकडेच. स्वतःचं दुकान काढलं ते तळघरात आणि एका पेनीत दाढी असा भाव लावला, बाकीच्यांनी झक मारत भाव उतरवला तर ह्यानं अर्ध्या पेनीत करायला घेतली, असा एक किस्सा आहे. किस्साच म्हणून घ्या, पण पुढे हा माणूस जसा वागला ते बघता बसतो बरोबर.

पुढे काय केलं तर गावोगाव फिरून बायकापोरींचे केस विकत घ्यायला लागला. गरीब घरची पोरगी, केस कमरेपर्यंत, घरात पैशाची नड, हा कात्री घेऊन दारात. ते केस आणून रंगवून टोपवाल्यांना विकायचे. आणि रंगाची त्याची स्वतःची रीत होती, पाणी लागलं तरी न उतरणारा रंग, आणि ती रीत त्यानं कुणाला कळू दिली नाही.

आता माझं म्हणणं, पटलं तर बघा. आमचे पप्पा एका सूतगिरणीत रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या यंत्रांवर, फिटर होते. कापसाचा पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरायचे, ओढायचे, परत जुळवायचे, परत ओढायचे, असं पाच-सहा वेळा केलं की सगळे तंतू एका रांगेत यायचे, मग जुन्या छत्रीच्या काळ्या कापडावर ठेवून बघायचे आणि म्हणायचे ‘सव्वीस भरंल’. म्हणजे सव्वीस मिलिमीटर. लॅबमध्ये पण पंचवीस-सव्वीसच यायचं. आणि टोप करणारा काय करतो? दाट दातांच्या फणीतून केस ओढून घेतो आणि लांबीप्रमाणे वेगवेगळे करतो. तंतू ओळखायचा हात तयार व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि ती ह्यानं केसात घातली होती. लोक म्हणतात न्हावी होता आणि अचानक नशीब उघडलं. मला तर वाटतं तो आधीपासून तंतूच्याच धंद्यात होता, फक्त बाईच्या डोक्यावरनं झाडाच्या बोंडावर आला.

टिळकवाडी_तिसरं_गेट

लिहिलंय झकास पण वकील असल्यानं गप्प बसवत नाही. तुमचा हिरो चोर होता. लेह गावचा थॉमस हायज, मागाच्या फण्या करणारा कारागीर, त्यानं रोलरवर सूत काढायचं यंत्र जुळवायला घेतलं होतं, मदतीला वॉरिंग्टनचा घड्याळजी जॉन के. आर्कराइटची दुसरी बायको लेहचीच. 1767 मध्ये हा वॉरिंग्टनला ह्या जॉन केकडे जातो, मला जरा पितळेचे सुटे भाग कातून दे म्हणतो, आपोआप कायम फिरत राहील असं चक्र करायचंय अशी थाप मारतो, आणि गप्पा मारता मारता त्याच्याकडून यंत्र काढून घेतो. 1785 मध्ये लंडनच्या कोर्टात हायज आणि के दोघांनी साक्ष दिली आणि ह्याचं 1775 चं पेटंट रद्द झालं. अंगठ्यात कापूस ओढणारे तुमचे पप्पा भला माणूस, त्यांची तुलना ह्याच्याशी कशाला?

धोटा_खासबाग

जॉन के म्हटल्यावर मी उठून बसलो, धोटेवाला का काय म्हणून. तो वेगळा हां, लोक कायम घोळ घालतात. 1733 मध्ये दोरी ओढून धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारी होडी, मारायची युक्ती काढली तो जॉन के बरी गावचा. हा वॉरिंग्टनचा घड्याळवाला. नाव एक, माणसं दोन.

पण धागाकर्ते, एक गोष्ट सुटली बघा. त्या धोट्यामुळेच सगळं तापलं. माग पळायला लागला आणि चरखा राहिला तिथंच. एका मागाला सूत पुरवायला चार-पाच बायका कातत बसल्या तरी पुरेना. आमच्या घरी हातमाग होता तेव्हाचं आज्जी सांगायची, मागावर आज्जा बसला की बाकी सगळं घर त्याच्या मागनं, एक कांडी भरतंय, एक ताण्याचे उभे धागे सांधतंय, आणि कांडी वेळेवर आली नाही की आज्जा फणी धाडकन आपटायचा, तो आवाज पोरांना अजून आठवतोय म्हणे. ते सूत तरी गिरणीचं, बाजारात आयतं मिळायचं. तिकडे तर सूतच नाही. म्हणजे 1760 च्या पुढे लँकेशायरात जो तो ह्याच नादात, सूत लवकर कसं निघेल. आर्कराइट केस गोळा करत ह्याच मुलखात हिंडत होता, विणकरांच्याच घरात जात होता. त्याच्या कानावर दुसरं काय पडणार ओ?

आणि अजून एक, त्या वेळी त्यांचं ‘सुती’ कापड पूर्ण सुती नव्हतंच. ताण्याला जवसाचा धागा, आडव्या बाण्याला कापूस. कारण हातानं काढलेलं त्यांचं कापसाचं सूत ताण्याचा ताण सोसायचं नाही, तटातट तुटायचं. हारग्रीव्ह्जची जेनी, म्हणजे बऱ्याच चात्यांचा चरखा, आली त्यात पण सूत मऊच, बाण्यापुरतं. आर्कराइटच्या यंत्राचं सूत पीळदार आणि कडक, ताण्याला चालणारं. विणकराला विचारा, ह्याला किती किंमत आहे ते.

खानापूर_पॅसेंजर

मी सगळा धागा वाचलो. लई भारी. अजून येऊ दे.

टिळकवाडी_तिसरं_गेट

‘मी धागा वाचलो’ 😀 पुण्याची मंडळी येतील आता शुद्धलेखनाची काठी घेऊन.

खानापूर_पॅसेंजर

येऊ द्या की. आम्ही चहा पण प्यालो आणि धागा पण वाचलो, त्यांचं काय गेलं?

रिंगफ्रेम_वडगाव

धोटादादा, बरी गावच्या केबद्दल धन्यवाद, मी पण आधी तोच समजलोतो.

वकीलसाहेब, चोरीचं मान्य. हात झटकत नाही. पण 1768 मध्ये बघा काय चाललंय. हा त्या घड्याळजी जॉनला घेऊन प्रेस्टनला परत येतो. जॉन स्मॉली नावाचा तिथला दारूचं दुकान आणि रंगाचा व्यापार करणारा माणूस पैसे घालतो. फ्री ग्रामर स्कूलच्या हेडमास्तरच्या घरातली एक खोली घेतात आणि दार बंद करून यंत्र जुळवत बसतात. शेजारच्या म्हाताऱ्या म्हणायच्या आतनं गुणगुण येते, सैतान बॅगपाइप लावतोय. जादूटोण्याचा संशय. त्याच साली प्रेस्टनला निवडणूक होती, आर्कराइटला मत होतं, पण अंगावरचे कपडे इतके फाटके की लोकांनी वर्गणी काढून धड कपडे घातले आणि मग नेलं मतदानाला, असंही सांगतात. विचार करा, टोपाचा धंदा मोडीत काढून, टोपाची फॅशन पण उतरायला लागलेली, वय पस्तीस, घरी बायको-पोरं, आणि हा फाटक्या कोटात रोलर जुळवतोय. नुसती चोरी करणारा माणूस एवढी वाट बघत नाही हो, उचलतो आणि विकून टाकतो.

आणि मग त्याच वर्षी गाव सोडून नॉटिंगहॅमला. का, तर लँकेशायरात हारग्रीव्ह्जच्या जेन्या लोकांनी फोडल्या होत्या, तो बिचारा पण नॉटिंगहॅमलाच पळाला. तिथे मोजे विणायचा धंदा मोठा, सुताची गरज कायम. 1769 ला पेटंट. पहिली गिरणी घोड्यावर चालायची.

निपाणीची_अक्का

सगळे पुरुष पुरुष करून राहिलाय म्हणून मी बोलते. अक्षर शिकवलं कुणी, एलननं. पहिली बायको पेशन्स, मास्तरची मुलगी, 1755 ला लग्न, त्याच वर्षी पोरगा, पुढच्या वर्षी ती गेली. हा सव्वा वर्षाचं सुद्धा नसलेलं पोर घेऊन विधुर, वय तेवीस. मग 1761 ला मार्गारेट बिगिन्स, तिनं आणलेल्या पैशावर टोपाचा धंदा वाढला. केस विकणाऱ्या पोरी वेगळ्याच. म्हणजे हा उभा राहिला तो सगळा बायकांच्या हातावर आणि केसावर. पुढे बायकोनं चिडून त्याचं मॉडेल मोडलं म्हणून जुन्या गोष्टीत रंगवून सांगतात, मला तर ती बाई बरोबर वाटते. घरात पीठ नाही आणि नवरा पितळेची चाकं फिरवतोय, आमच्याकडे असतं तर मॉडेल नाही दुसरंच काही मोडलं असतं.

आणि तुमच्या आईनं वाटीवर चमचा वसूल केला ना, त्यांना नमस्कार सांगा. आमच्याकडचा नुसता फुगा देऊन जातो पोरांना.

बैलहोंगल_अडत

उशिरा आलोय, आमचा धंदा कापसाचा, तीन पिढ्या. केसाची थिअरी वाचायला छान आहे पण मला अर्धीच पटली. केस आणि कापूस ह्यात जमीन-अस्मानाचा फरक. केस वीतभर-हातभर लांब, गुळगुळीत, सरळ. कापूस इंचभर, आतून पोकळ, वाळला की चपटा होऊन स्वतःभोवती पीळ घेतो, त्या पिळामुळेच एकमेकांना धरून राहतो आणि सूत होतं. केसाचं सूत काढून दाखवा. दुसरं म्हणजे रोलरची कल्पना आर्कराइटची नाही, हायजची पण नाही. लुईस पॉलनं 1738 मध्येच रोलरवर सूत काढायचं पेटंट घेतलेलं, जॉन वायटबरोबर. गिरण्या पण काढल्या, चालल्या नाहीत. तर मग न्हाव्याला केसातनं काय कळलं जे पॉलला कळलं नाही?

रिंगफ्रेम_वडगाव

ह्याच प्रश्नाची वाट बघत होतो, आता जरा मशीनमध्ये शिरू, कंटाळा आला तर खाली स्क्रोल करा.

रोलरवर सूत म्हणजे काय तर पेळूसारखी जाड सैल वात, ती रोलरच्या जोड्यांमधनं न्यायची. पहिली जोडी हळू फिरते, पुढची तिच्याहून जोरात, त्याच्या पुढची अजून जोरात. त्यामुळे वात ओढली जाऊन बारीक होते, शेवटी चाती पीळ घालते. एवढं पॉलला माहीत होतं. खरी गंमत दोन जोड्यांतल्या अंतरात आहे, आमच्याकडे गेज म्हणतात. अंतर तंतूच्या लांबीहून कमी ठेवलं तर एकच तंतू मागच्या आणि पुढच्या दोन्ही जोड्यांत पकडला जातो, एक ओढतोय, दुसरा सोडत नाही, तंतू तुटतो. अंतर फार ठेवलं तर मधले तंतू कुणाच्याच ताब्यात नाहीत, वाटेल तसे घसरतात, सूत कुठं जाड कुठं बारीक. तंतूच्या लांबीपेक्षा किंचित जास्त, बस. आणि वरच्या रोलरवर कातडं आणि वजनं, म्हणजे पकड घट्ट राहते, चातीचा पीळ रोलरमधनं मागं शिरत नाही. आर्कराइटच्या यंत्राला हे जमलं आणि आधीच्यांना जमलं नाही.

पप्पांचं निम्मं आयुष्य ह्या गेजमध्ये गेलं. कापसाचा लॉट बदलला, आखूड धाग्याचा देशी जयधर आला की पाने घेऊन बसायचे. एकदा कुणीतरी लॉट बदललेला सांगितलाच नाही आणि अख्ख्या पाळीचं सूत दोऱ्यात गाठी बांधल्यासारखं निघालं, शिव्या मात्र पप्पांनी खाल्ल्या. त्या दिवशी घरी आले ते खिशात कापसाचा पुंजका घेऊनच, जेवायच्या आधी छत्रीचं कापड काढलं, आईला म्हणाले ‘बघ की, हा बावीसपण नाही’. आईनं बघितलं आणि म्हणाली भाकरी गार व्हायलीय.

तर अडतसाहेब, केस म्हणजे कापूस नव्हे, शंभर टक्के मान्य. पण ‘आधी लांबी बघ, मग ओढ’ ही सवय कुठल्या धंद्यात लागते? शिंप्याला लागत नाही, घड्याळजीला तर नाहीच. आणि 1775 चं त्याचं दुसरं पेटंट बघा, कार्डिंगचं, म्हणजे तारांच्या दातांतनं तंतू विंचरून काढायचं. न्हावी आणि विंचरणं! बाकी हे सिद्ध करता येणार नाही हे मलाही कळतंय. यंत्र त्यानं ढापलं असेल पण गेज ढापता येत नाही, ते ज्याचं त्यालाच बसवावं लागतं, एवढंच माझं म्हणणं.

बैलहोंगल_अडत

आता पाऊण पटलं. गेजचं म्हणाल तर मानलं. बाकी पाव चहा पाजाल तेव्हा.

टिळकवाडी_तिसरं_गेट

मला पण थोडं नरम व्हावं लागतंय. पण एक सांगतो, माणूस लबाड नसेल तर डांबिस नक्कीच. केसाच्या रंगाची रीत लपवून पैसा मिळतो हे तो दुकानात शिकला, आणि तेच पुढे केलं. त्या जॉन केला करारानं बांधून घेतलं, खोलीचं दार लावलं, पेटंट घेतलं. हायज बिचारा तसाच राहिला.

जरा अवांतर. मी राहतो तिथनं काँग्रेस विहीर चालत दहा मिनिटं. 1924 चं बेळगाव अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकच. तिथे ठरलं की काँग्रेसच्या सभासदानं वर्गणी म्हणून महिन्याला 2000 यार्ड सूत कातून द्यायचं. म्हणजे आर्कराइटनं चरख्याच्या हातातनं जे काढून घेतलं ते परत चरख्याला द्यायचा ठराव आमच्या घराशेजारी झाला. रिंगफ्रेमराव, 2000 यार्ड म्हणजे किती हो? मला कधी अंदाजच आला नाही.

रिंगफ्रेम_वडगाव

एक हँक म्हणजे 840 यार्ड, म्हणजे महिन्याला अडीचच्या आत हँक. वीस नंबरचं सूत धरलं तर एका पौंडात वीस हँक, 16800 यार्ड. वर्षाचे 24000 यार्ड म्हणजे जवळजवळ दीड पौंड, साडेसहाशे ग्रॅम समजा. एका माणसाची धड दोन धोतरं पण व्हायची नाहीत. ऐकायला कमी वाटतं पण कातायला बसा म्हणजे कळतं, मी शाळेत तकलीवर बसलोय, अर्ध्या तासात चार हात सूत आणि बोटाला घट्टे.

धोटा_खासबाग

गोकाकचं कुणी काढलं नाही अजून? 1771 ला आर्कराइट क्रॉमफर्डला गेला ते पाण्यासाठी. घोड्याचा चारा परवडेना, तिथे ओढा आणि शिशाच्या खाणीतनं निघणारं पाणी, ते थंडीत पण गोठायचं नाही, बारा महिने चाक फिरायचं. ‘वॉटर फ्रेम’ नाव त्यावरनंच. आणि इकडे 1885 ला घटप्रभेवर गोकाकची गिरणी निघाली ती पण धबधब्याच्या जिवावर. पावसाळ्यात आम्ही दरवर्षी झुलत्या पुलावरनं तो लाल पाण्याचा लोट बघतो, भजी खातो आणि येतो, पण शेजारी गिरणी का आहे असं कधी डोक्यात आलं नाही. क्रॉमफर्डचंच पोर म्हणायचं ते.

फक्त क्रॉमफर्डला पोरं किती लहान होती ते पण लिहा. सात-आठ वर्षांची पोरं, बारा-बारा तासांची पाळी, रात्रपाळी सुद्धा. फाटक्या कोटाचा माणूस ‘सर’ झाला 1786 ला, ती पोरं काय झाली कुणाला माहीत.

रिंगफ्रेम_वडगाव

बरोबर आहे. मी मुद्दाम पस्तिशीपर्यंतच थांबलोतो, पुढचं गोड नाही. एकच सांगतो, पन्नाशी उलटल्यावर, गिरण्यांचा मालक असताना, हा माणूस झोपेतनं रोज दोन तास काढायचा, एक व्याकरणाला आणि एक अक्षर नि शुद्धलेखनाला. एलननं जिथं सोडलं तिथनं पुढं. खानापूर, ऐकतोयस का?

खानापूर_पॅसेंजर

मी ऐकलो. पन्नाशीला अजून अठरा वर्षं आहेत, बघू.

निपाणीची_अक्का

आज आमच्याकडे केसवाला आला आणि तुमच्या धाग्यामुळे मी फुगा घेऊन गप्प बसले नाही, त्याला पायरीवर बसवून चहा दिला आणि नीट बघितलं. गुंतवळीचा गोळा हातात घेतला, दोन बोटांनी उकलला, टोक धरून झरकन ओढला आणि मांडीवर पसरला. मग अंगठा नि करंगळी ताणून वीत लावली. वितीहून लांब ते एका पिशवीत, आखूड दुसऱ्या पिशवीत, पांढरे बाजूला. विचारलं, लांबचे कुठं जातात, तर म्हणाला टोपाला, बाई, भाव त्यालाच. माझे निघाले आखूड. सुनेचे लांब. सुनेला डबा मिळाला झाकणाचा आणि मला परत फुगाच.